भिमाबाईची मूठ

इंदुताईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण अर्थातच मी उकरून काढलं होतं. दिवाळीच्या आधी आमच्या सांगवीच्या सोसायटीत बचत गटांचे स्टॉल लागतात. तिथून माझी बायको पद्मा उटण्याची एक पिशवी घेऊन आली. मी चाकणच्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेला माणूस. निवृत्त झालो, पण खोड गेली नाही. बिस्किटाचा पुडा आला तरी आधी त्याची पाठ वाचतो आणि मग बिस्किट खातो. या पिशवीला वाचायला पाठच नव्हती. आत फक्त एक चिठ्ठी होती, 'भिमाबाईचं उटणं. आधी लावून बघा, मग घ्या.' वजन नाही, तारीख नाही, पत्ता नाही, आत काय काय घातलंय त्याचा उल्लेख नाही. मी चपला घालून खाली उतरलो.

स्टॉलवर साठीच्या आसपासची, ठेंगणी, सावळी, हातभर हिरव्या बांगड्या घातलेली एक बाई बसली होती. मी तिला कायदा ऐकवला. विनापरवाना प्रसाधन बनवून विकणं हा गुन्हा आहे, इथून सुरुवात केली आणि बराच पुढे गेलो. ती शांतपणे ऐकत होती. मी श्वास घ्यायला थांबलो तेवढ्यात तिने माझा डावा हात ओढला, मनगटाच्या आतल्या बाजूला ओलं उटणं चोळलं आणि म्हणाली, "बसा हितं घटकाभर. खाज सुटली तर सांगा. मग तुमाला इकायचं न्हाई."

मी बसलो. नव्या गिऱ्हाइकाला आधी मनगटावर लावायचं, थांबवून ठेवायचं आणि मगच पिशवी द्यायची, हा तिचा शिरस्ता होता. त्यासाठी तिने दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्याही मांडल्या होत्या. आमच्या कंपनीत याच गोष्टीला पॅच टेस्ट म्हणत आणि तिच्यासाठी आम्हाला आख्खा विभाग लागायचा. थोड्या वेळाने तिने माझं मनगट उजेडाकडे वळवून नीट पाहिलं आणि विचारलं, "हां, आता बोला. काय म्हणत व्हता?" मला पुढचं काही आठवेना.

इंदुताई थेरगावच्या जुन्या शेतकरी घरातल्या. डांगे चौकाच्या अलीकडे आज जिथे मोबाईलची दुकानं आहेत तिथे त्यांच्या सासऱ्यांचा मळा होता. मळा गेला, इमारत उभी राहिली, खोल्यांमध्ये कंपनीत जाणारे भाडेकरू आले. नवरा सोपानराव पांढरे कपडे घालून लोकांना जागेच्या व्यवहारांवर सल्ले देऊ लागले. सल्ला कोणी विचारलेला असतोच असं नाही. इंदुताईंना मात्र रिकामं बसवत नाही. त्यांनी सासूबाईंचं, म्हणजे भिमाबाईंचं उटणं पुढे चालवलं. भिमाबाईंच्या वेळी गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला आणि हळदीच्या नवरीला याच घरातून उटणं जायचं. विकण्याची कल्पना नंतरची, इंदुताईंची.

त्या उटण्याची एक रीत होती. भिमाबाईंचा एक पितळी डबा आहे. नवं उटणं दळून झालं की त्या डब्यातली जुनी मूठभर पावडर नव्यात घालायची आणि सगळं कालवून झालं की नव्यातली एक मूठ परत डब्यात ठेवायची, पुढच्या खेपेसाठी. दुधाला विरजण लावतात तसं. इंदुताईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा खाली आला होता. सासूबाईंना त्या आत्याबाई म्हणत. "आत्याबाई जाऊन सव्वीस वर्सं झाली. पर त्येंच्या हातची मूठ अजून हाय त्यात. मी कुठं काय बनवतीय? मी निस्ती वाढवतीय." मला ही गोष्ट इतकी आवडली की मी ती घरी येऊन पद्माला दोनदा सांगितली. हे लक्षात ठेवा, कारण माझा मूर्खपणा पुढे इथेच सापडणार आहे.

पुढच्या फाल्गुनात इंदुताई आमच्या घरी आल्या. बरोबर सून पूनम, हातात फाईल. चाकणला गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारी एक कंपनी आहे, तिथे साडेचारशे बायका कामाला. तिथल्या एचआरच्या मॅडमनी स्टॉलवरून उटणं नेलं होतं. येत्या दिवाळीला प्रत्येकीला एक पुडा द्यायचा त्यांचा विचार होता, पण त्यांनी परवान्याचा नंबर मागितला होता.

"तुमी त्या दिशी जे बोलत व्हता," इंदुताई म्हणाल्या, "त्ये आता समदं सांगा. निवांत सांगा. येवढ्या बायांच्या अंगाला लागणार हाय."

मी सांगितलं, परवाना मिळेपर्यंत एक चिमूटही विकायची नाही. मला वाटलं आता ओळखीपाळखी निघतील, 'थोडं चालतं हो साहेब' होईल. इंदुताईंनी तिथूनच गटातल्या बायकांना फोन लावला आणि कुणाकुणाकडे शिल्लक असलेल्या पिशव्या संध्याकाळपर्यंत घरी आणून ठेवायला सांगितल्या. एकतीस वर्षांत मी मालाची विक्री थांबवण्यासाठी मोठमोठ्या मॅनेजरांशी भांडलो होतो. इतक्या मुकाट्याने कोणी माझं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांचा झालो, असं पद्मा म्हणते, आणि ते खरं आहे.

मग आमची वरात सुरू झाली. घरातल्या स्वयंपाकघरात चालणार नव्हतं. स्वतंत्र जागा हवी, धुता येणाऱ्या भिंती हव्यात, उडणारी भुकटी ओढून घेणारा पंखा हवा. सोपानरावांचा एक गाळा होता, त्यात आधी लेथ मशीन चालायचं. फरशीत बारा वर्षांचं ऑइल मुरलेलं. इंदुताईंनी आणि पूनमने ती फरशी तीन आठवडे घासली, तरी वास जाईना. शेवटी सगळी फरशी उपटून नवी बसवली. सोपानराव म्हणाले, "सायब, लगीन घरात आसल्यावानी खर्च चाललाय." इंदुताई म्हणाल्या, "मग फेटा बांधा आन बसा." ते खरंच गप्प बसले.

परवान्यासाठी रसायनशास्त्र शिकलेलं एक माणूस पूर्ण वेळ लागतं. मी तयार होतो, पण पूर्ण वेळ म्हटल्यावर पद्माने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हा पूनम हळूच म्हणाली, "सर, बारावी सायन्स चालतं का? केमिस्ट्रीत एक्याऐंशी होते मला." सासरी येऊन नऊ वर्षं झाली होती आणि हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. लग्न ठरलं, शिक्षण थांबलं, गुणपत्रिका ट्रंकेच्या तळाशी गेली. नियमात तेवढं शिक्षण बसत होतं. इंदुताई सुनेकडे वळल्या. "येवढं शिकून तू माज्याकडनं मिठाचा हिशोब ऐकत व्हतीस व्हय?" एवढंच म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवशी ती गुणपत्रिका फ्रेम होऊन गाळ्याच्या भिंतीवर लागली होती.

बांगड्यांवरून आमचं वाजलं. माल बनवताना हातात काही नको, काच तर नकोच. "बांगड्या उतरवायच्या?" इंदुताई म्हणाल्या. "मालक समोर बसल्यात." सोपानराव समोरच चहा पीत होते. मी नियम दाखवला, त्यांनी सोपानराव दाखवले. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्या हात कोपरापर्यंत झाकणाऱ्या, दोन्ही टोकांना घट्ट इलॅस्टिक असलेल्या बाह्यांच्या खोळी शिवून घेऊन आल्या. काचेच्या बांगड्या घरी, त्याजागी सोन्याची एकेक पातळ बांगडी, वर खोळ, वर हातमोजा. मी ओढून, झटकून, उलटं धरून तपासलं आणि मान्य केलं.

लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणजे मुलतानी माती सगळ्यात वर आणि चंदन सगळ्यात खाली. "माती पयली आन चंदन श्येवटाला?" हे त्यांना बरं वाटलं नाही. पण थोडा विचार करून म्हणाल्या, "जेवढं हाय तेवढं हाय. लिव्हा." सोपानरावांची सूचना होती की 'आठ दिवसांत गोरेपण' असंही छापावं. मी तोंड उघडायच्या आत इंदुताईच म्हणाल्या, "चाळीस वर्सं लावतीय मी. माज्या तोंडाकडं बगून कोन इस्वास ठिवंल?" लेबलचा तो विषय तिथे संपला.

त्यांच्या अंदाजाची मात्र मी गंमत करायला गेलो आणि तोंडावर पडलो. नोंदवहीत मूठ, चिमूट, ओंजळ चालत नाही, ग्रॅम लागतात. मी वजनकाटा मांडला आणि त्यांना नागरमोथ्याच्या दहा मुठी एकामागून एक भरायला लावल्या. सगळ्यात लहान एकेचाळीस ग्रॅमची, सगळ्यात मोठी त्रेचाळीसची. आमच्या कंपनीतलं एक आयात केलेलं यंत्र याहून जास्त चुकायचं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्या लाजल्या.

आषाढात तपासणीपुरता माल बनवून प्रयोगशाळेत पाठवला. शिसं नाही, आर्सेनिक नाही. पण जिवाणूंची संख्या मर्यादेच्या चौपट. नापास. मी म्हटलं, होतं असं, पावसाळा आहे. सगळा कच्चा माल पुन्हा वाळवला, एकेक घटक वेगळा तपासला, सगळे पास. पुन्हा उटणं बनवलं, पुन्हा पाठवलं, पुन्हा नापास. स्वच्छ वस्तू एकत्र केल्यावर अस्वच्छ कशी होते? मी पाण्यावर संशय घेतला, पंख्यावर घेतला, पूनमवर ओरडलो. ती बिचारी नोंदवही पुढे करून म्हणाली, "सर, यात आहे तेवढंच घातलंय." कंपनीला परवान्याचा नंबर नवरात्राच्या आत द्यायचा होता, आणि नापास माल घेऊन परवाना देणाऱ्या एफडीएला तपासणीसाठी बोलावण्यात अर्थ नव्हता. हा परवाना हुकला असता तर एक दिवाळी गेली असती आणि विकणं तर आम्ही आधीच थांबवलं होतं.

तिसऱ्या खेपेला मी सकाळपासून गाळ्यात खुर्ची टाकून बसलो. पूनम वजन करून एकेक घटक टाकत होती, वहीत लिहीत होती. सगळं टाकून झालं. मग इंदुताईंनी कपाटातून पितळी डबा काढला, डोळे मिटले, एक मूठ भरली आणि मिक्सरच्या भांड्यात सोडली. पूनमने काही लिहिलं नाही. तिच्या लेखी तो घटक नव्हताच. आणि माझ्या लेखी? मला तर ही गोष्ट गेल्या दिवाळीपासून माहीत होती. कौतुकाने ऐकली होती, कौतुकाने सांगितली होती. क्वालिटीतल्या माणसाने ती कधी क्वालिटीच्या कानाने ऐकलीच नव्हती. मला माझीच इतकी लाज वाटली की थोडा वेळ मी खुर्चीतून उठलोच नाही.

डब्यातला नमुना वेगळा तपासला. शंकेला जागा राहिली नाही. पावसाळ्यागणिक उघडझाक होऊन त्याने दमट हवा खाल्ली होती.

मी इंदुताईंना समोर बसवून सांगितलं. बॅचला सुरुवात लागते आणि शेवट लागतो. उद्या एखादीला पुरळ उठलं, तर कोणत्या दिवशीच्या मालाने उठलं ते कळलं पाहिजे, तेवढेच पुडे परत मागवता आले पाहिजेत. तुमच्या उटण्याला सुरुवातच नाही. आज बनवलेल्यात कालचं आहे, कालच्यात परवाचं. एक खेप बिघडली तर पुढच्या सगळ्या बिघडणार. मूठ थांबवावी लागेल, शून्यापासून सुरुवात करावी लागेल.

त्यांनी हातातल्या मोज्यांच्या घड्या घातल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी आत्याबाईंच्या पायी नापास झालो आमी?"

"त्यांच्या पायी नाही, इंदुताई. डबा दमट झाला."

"डब्यात दुसरं कोन हाय मग?"

त्यांनी डबा पदराखाली घेतला आणि त्या घरी गेल्या.

आठ दिवस गाळा बंद. फोन पूनम उचलायची आणि 'आई झोपल्यात' म्हणायची; इंदुताई दिवसा कधी झोपत नाहीत. सोपानराव एकदा सांगवीला येऊन गेले. चहा घेतला, जागेचे भाव सांगितले आणि उठता उठता विचारलं, "सायब, मुठीऐवजी येक चिमूट टाकली तर न्हाई का चालनार?" त्यांचा चेहरा इतका काळजीत होता की मला हसू आलं नाही. मी नाही म्हटलं. पद्मा त्या आठवड्यात माझ्याशी फक्त भाजी कोणती करू एवढंच बोलली. मी बरोबर होतो आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

नवव्या दिवशी इंदुताई आल्या. दारातच म्हणाल्या, "भाऊ, घाला तुमचा शून्य. पयल्यापासनं करू."

पाणी दिल्यावर त्यांनी सांगितलं. त्यांच्या खोल्यांमध्ये लातूरकडचं एक जोडपं राहतं. त्यांचं बाळ चाळीस दिवसांचं झालं, आई त्याला घेऊन उटणं मागायला वर आली. "मी डबा उघडला आन हात आतच ऱ्हायला. म्हनलं, ह्या लेकराला लावू का नगं? आत्याबाईंचं हाय म्हनून त्येच्या अंगाला सोसंल व्हय? मग मला याद आली. येका वर्सी पत्र्यातनं पानी गळलं आन उटन्याची आख्खी पाटी भिजली. आमी समद्या म्हनलं, वाळवू. आत्याबाईंनी कुनाचं ऐकलं न्हाई, समदी उकिरड्यावर वतली. पाटीभर. त्येंनी मला मूठ दिली, त्ये मी धरून बसले. पाटी वतलेली इसरले."

बाळाला काय दिलंत, मी विचारलं. "साधं बेसन आन साय. हात धुवून," त्या म्हणाल्या. डबा आता देव्हाऱ्यापाशी होता, झाकण घट्ट लावलेला. गाळ्यात तो परत येणार नव्हता.

मुठीवाचून बनवलेला माल पहिल्या फटक्यात पास झाला. निकालाचा कागद बघून पूनम रडली, मी नाक शिंकरलं, आणि इंदुताईंनी कागद उलटसुलट करून विचारलं, "आन वास? वास तसाच हाय का, त्ये लिवलंय का कुठं?" ते लिहिलेलं नव्हतं. वास तसाच आहे असं मी शपथेवर सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसला की नाही मला माहीत नाही.

गणपती उठल्यावर एफडीएच्या निरीक्षक आल्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, प्रत्येक गोष्ट दोनदा बघणाऱ्या. मला अशी माणसं आवडतात, पण त्या दिवशी भीती वाटली. त्यांनी पंखा चालू करून बघितला, भिंतीवरून बोट फिरवलं, पूनमला सहा प्रश्न विचारले आणि सहाचीही उत्तरं मिळाली. गुणपत्रिकेच्या फ्रेमसमोर त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, थोडा माल बनवून दाखवा.

आम्ही सगळ्यांनी टोप्या घातल्या, मास्क लावले. पूनमने वजन करत, वाचत, लिहीत एकेक घटक भांड्यात सोडला. चंदन शेवटी. ती झाकण लावायला वळली तेवढ्यात इंदुताई पुढे झाल्या. त्यांनी डोळे मिटले, मूठ वळलेला हात भांड्यावर धरला आणि बोटं उघडली.

मी एक पाऊल पुढे टाकलं.

"काय टाकलंत?" निरीक्षकांनी ताबडतोब विचारलं. "हे नोंदीत नाही."

इंदुताईंनी हातमोजा घातलेला तळवा त्यांच्यासमोर धरला. त्यावर काही नव्हतं. भुकटीचा कणही नव्हता. निरीक्षकांनी तो हात स्वतःच्या हातात घेऊन उजेडाकडे वळवला, नीट पाहिला, मग भांड्यात पाहिलं.

"काय न्हाई वो बाई," इंदुताई म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंची जागा हाय ती."

मास्क होता म्हणून माझं बरं झालं. निरीक्षकांनी तो हात सोडला तो एकदम सोडला नाही, हळूच खाली ठेवला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "चालू द्या."

परवाना घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आला. साडेचारशे पुडे चाकणला गेले, प्रत्येकावर वजन, तारीख, बॅच, घटक, पत्ता, आणि इंदुताईंच्या हट्टाने खाली एक ओळ, 'आधी मनगटावर लावून बघा.' ती ओळ मीही लिहायला सांगणारच होतो.

आता मी आठवड्यातून दोनदा गाळ्यावर जातो. नोंदवही तपासतो, चुका काढतो, पूनमचा ओरडा खातो. सगळे घटक पडले की पूनम झाकण हातात घेऊन थांबते. इंदुताई येतात, भांड्यावर रिकामी मूठ धरतात आणि उघडतात. तेवढा वेळ मी वहीत मान घालून बसतो, कारण तिथे लिहिण्यासारखं काही नसतं. मग पूनम झाकण लावते आणि मिक्सर सुरू करते.